कादंबऱ्यांच्या कपाटापाशी

(सुरगाणा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्याने काय वाचावे याविषयी आजवर पुष्कळ सांगितले गेले आहे; परंतु त्या याद्यांत कादंबरीला बहुधा जागा नसते. इतिहास, अर्थशास्त्र, जमिनीचा प्रश्न, समित्यांचे अहवाल हे वाचन कामाचे आणि कादंबरी म्हणजे फावल्या वेळची करमणूक, अशी एक समजूत चळवळीत खोल रुजलेली आहे. गंमत अशी की, ही समजूत बाळगणारा माणूस स्वतः ‘श्यामची आई’ वाचूनच घडलेला असतो. आणि ते पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्याच तुरुंगात लिहिले, हेही त्याला ठाऊक असते. तेव्हा कादंबरी वाचावी की नाही, हा वाद येथे नको. ग्रंथालयात कपाटासमोर उभ्या राहिलेल्या माणसाने तीनचारशे कादंबऱ्यांतून एक कशी निवडावी, आणि मुळात त्या तीनचारशे तेथे आल्या कशा, एवढेच आज पाहावयाचे आहे.

दुसरा प्रश्न आधी घेणे बरे. कारण वाचक कपाटापाशी येतो तेव्हा निवडीचे निम्मे काम कोणीतरी उरकून टाकलेले असते. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि ‘अ’पासून ‘ड’पर्यंत वर्ग पाडून ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले. २०२२ मध्ये या अनुदानात ६० टक्के वाढ झाली. त्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाच्या वाट्याला आले वर्षाला ४८ हजार रुपये, म्हणजे महिन्याकाठी चार हजार. एवढ्यात ग्रंथपालाचे वेतन, वीज, वृत्तपत्रे, नियतकालिके आणि ग्रंथखरेदी, सारे बसवावयाचे! ग्रंथपालाला मिळणाऱ्या रकमेला वेतन म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. खेड्यापाड्यांतील बहुतेक ग्रंथालये या खालच्या वर्गांतच मोडतात.

अशा परिस्थितीत पुस्तके कशी विकत घेतली जातात? हप्ता हाती येतो तो बहुधा आर्थिक वर्ष सरत आलेले असताना. खर्चाचा हिशेब तर मार्चअखेर द्यावयाचा असतो. मग ज्या विक्रेत्याची सवलत मोठी, त्याच्याकडून गठ्ठा येतो. छापील किंमत फुगवलेली, सवलत त्याहून फुगवलेली, आणि मजकूर कोणी चाळूनही न पाहिलेला, अशा कादंबऱ्या अनेक ग्रंथालयांत कपाटभर उभ्या असतात. त्यांच्यामागे असलेली तारीखपट्टी कोरी राहते. वाचनसंस्कृती लोपली म्हणून सभासंमेलनांत जे गळे काढले जातात, त्यांपैकी किती गळ्यांनी खरेदीची यादी एकदा तरी पाहिलेली असते? मागणी नाही म्हणून पुरवठा नाही, हे विधान येथे उलटे करून वाचावे लागते. जे पुस्तक कपाटात कधी आलेच नाही, त्याची मागणी नोंदवहीत कोठून दिसणार?

या निवडीचे मोल सुरगाण्यासारख्या तालुक्यात फार मोठे आहे. येथला वाचक पुष्कळदा घरातला पहिलाच वाचक असतो. कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबांतील तरुण शाळेत मराठी शिकतो, पण घरातली बोली वेगळी. पुस्तकी मराठी ही त्याच्यासाठी थोडी परक्याच्या ओसरीवरची भाषा असते. पुण्यामुंबईच्या वाचकाला एखादी कादंबरी नीरस वाटली तर तो दुसरी उचलतो. घरातल्या या पहिल्या वाचकाच्या हाती चुकीचे पुस्तक पडले, तर दोष पुस्तकाचा नसून आपलाच, अशी त्याची समजूत होते आणि तो पुन्हा त्या दारी येत नाही. मग ग्रंथालयात उरतात ती स्पर्धापरीक्षेची पुस्तके आणि त्यांच्यावर वाकलेली डोकी. त्या अभ्यासाला नावे ठेवण्याचे कारण नाही. नोकरीची निकड खरी आहे. परंतु त्या मुलाने आयुष्यात एकही कादंबरी स्वेच्छेने वाचू नये, हे नुकसान कोणत्याही आकडेवारीत धरले जात नाही.

तर मग निवडावे कसे? वेष्टनावरची स्तुती वाचू नये; ती विक्रीसाठी असते. पारितोषिकाचा शिक्का उपयोगी, पण पुरेसा नव्हे. मधलेच एखादे पान उघडावे आणि दोन पाने उभ्याउभ्या वाचावीत. त्या पानांवरची माणसे पोट कशावर भरतात, हे कळते काय? मराठीत अशा पुष्कळ कादंबऱ्या आहेत, ज्यांतील पात्रे तीनशे पाने प्रेम करतात, रुसतात, झुरतात. पण त्यांच्या चुलीत लाकूड कोठून येते ते लेखकालाही ठाऊक नसते. याउलट उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कौतिकच्या घरातली दारिद्र्याशी चाललेली झुंज वाचकाला अंगावर जाणवते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) लहानशी. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर आणि शेवटी दुष्काळाने उठून जाणारी वस्ती. पहिली कादंबरी म्हणून कोणाच्या हाती द्यावी, असे विचारले तर डोळे मिटून हिचे नाव घ्यावे. दरवर्षी कामासाठी गाव सोडणाऱ्या माणसाला तिचा शेवट समजावून द्यावा लागत नाही. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९), सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२) याच पंगतीतल्या. शिकून बेकार राहिलेला शेतकऱ्याचा मुलगा ‘बारोमास’मध्ये स्वतःला ओळखील.

‘स्वामी’ आणि ‘मृत्युंजय’ यांचे काय, असा प्रश्न हमखास येतो. त्या वाचाव्यात. वाचनाची गोडी लावण्याचे सामर्थ्य त्यांच्यात आहे आणि ते थोडे नव्हे. चळवळीतल्या सोवळेपणाने त्यांच्याकडे नाक मुरडण्यात अर्थ नाही. मात्र वाचक तेथेच राहू नये, एवढी व्यवस्था शेजारच्या खणात असावी.

आदिवासींविषयीच्या कादंबऱ्यांच्या बाबतीत अधिक चोखंदळपणा हवा. गो. नी. दांडेकरांची ‘जैत रे जैत’ ठाकरांच्या जीवनावरची. कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५) आदिवासी भागातील महिला सरपंचांचे प्रश्न मांडणारी. दोन्ही वाचनीय, दोन्ही बाहेरून आलेल्या लेखणीच्या. तेव्हा वाचताना पाहावयाचे ते हे, की आदिवासी माणूस येथे बोलतो, चुकतो, हिशेब करतो, की केवळ डोंगरझाडीसारखा देखाव्यात उभा आहे? या कसोटीला दोन्ही सारख्याच उतरतात असे नाही; ‘ब्र’मधल्या बायका अधिक बोलतात. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) कादंबरी नसल्यामुळे दुसऱ्या कपाटात असते. वारल्यांच्या लढ्याचे ते अनुभवकथन शोधण्यासाठी कादंबऱ्यांचा खण सोडून जावे. सुरगाण्याचा मुलूख मात्र कादंबरीत क्वचितच भेटतो. तो लिहिणारा याच कपाटासमोर केव्हातरी उभा राहील, हेही खरेदी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावयास हवे.

कार्यकर्त्यासाठी एक सूचना. उपयुक्त तेवढेच वाचावयाचे ठरवले की कादंबरी पत्रकासारखी वाचली जाते. ज्या कादंबरीतला सावकारही माणूस म्हणून कळतो ती निवडावी. गावात सावकाराशी गाठ पडते तेव्हा तिचा उपयोग अधिक होतो.

आता व्यवहाराचे. ग्रंथालयाच्या समितीची खरेदीची बैठक मार्चमध्ये नव्हे, दिवाळीपूर्वी व्हावी आणि वाचकांनी सुचवलेली वीस नावे यादीत आधी घातली जावीत, असा आग्रह सभासदांना धरता येतो. कपाटांची कुलुपे काढून वाचकाला पुस्तके हाताळू द्यावीत. आणि पंधरा दिवसांत पुस्तक परत करण्याचा नियम येथल्या वर्षाला जुळत नाही. भात-नागली घरात आली की कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला जातात, ती महिनोन्‌महिने. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम २००९ साली सुरू झाला. त्याच्या ग्रंथपेट्या परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंत पोचल्या आहेत. तशीच दहाबारा कादंबऱ्यांची एक पेटी मजुरांच्या टोळीबरोबर निफाडला जाऊ शकते. ती कोणाच्या नावावर द्यावयाची आणि एखादे पुस्तक हरवले तर भरपाई कोणी करावयाची, हे यंदाच्या हंगामाआधी बसून ठरवावे लागेल.