जुना संगणक आणि नवे बिऱ्हाड



शाळेच्या कपाटाआड, नाही तर ग्रामपंचायतीच्या खोलीत एखादा जुना संगणक कापड पांघरून बसलेला असतो. तो बिघडलेलाच असतो असे नाही. पुष्कळदा एवढेच झालेले असते, की यंत्राचा सारा कारभार पाहणारी मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, जुनी झालेली असते. विंडोज १० हिचेच पाहा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नेहमीची देखभाल थांबली. यंत्रे कालच्यासारखीच चालत राहिली, पण आता नवी प्रणाली टाकावी म्हणून गुरुजी पेन ड्राइव्ह घेऊन बसतात आणि खरी अडचण तिथे सुरू होते.

नवी प्रणाली यंत्रात बसवून देणारा जो प्रोग्राम असतो, त्याला इन्स्टॉलर म्हणतात. बिऱ्हाड हलवताना सामान लावून देणारा माणूस आपण पाहिला असेल. शहाणा माणूस जुन्या वाड्यात कपाट नेण्यापूर्वी दिंडीची उंची मोजतो. दुसरा एखादा आधी घरातले सगळे सामान रस्त्यावर काढतो, आणि मग कपाट दारात अडकले की कपाळाला हात लावतो. इन्स्टॉलरही या दोन्ही जातींचे असतात. एका शाळेत मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. इन्स्टॉलरने हार्ड डिस्क पुसली, फायली उतरवू लागला, आणि अर्ध्यावर रॅम पुरेना म्हणून यंत्र जागच्या जागी थिजले. नवे आले नाही, जुने गेले. मुख्याध्यापकांनी पाच वर्षांचे निकाल वह्यांतून पाहून पुन्हा टाइप केले. रॅम किती आहे हे त्या प्रोग्रामला पहिल्या मिनिटाला कळत होते. त्याने विचारलेच नाही!

बरे, नकार द्यावयाचा तर तो कसा द्यावा? विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. आपले यंत्र चालेल का, हे सांगणारा एक तपासनीस प्रोग्राम कंपनीने त्याआधी जूनमध्ये दिला होता. तो पुष्कळांना नुसते ‘चालणार नाही’ म्हणे. का, ते सांगत नसे. शिक्षक मंडळींनी कल्पना करावी, की प्रगतिपुस्तकावर ‘नापास’ लिहिले आहे आणि विषयाचा पत्ता नाही! टीका झाली, तो प्रोग्राम मागे घेतला गेला, आणि सप्टेंबरमध्ये कारणे सांगणारा होऊन परत आला. यात गंमत अशी, की काही यंत्रांत टीपीएमची सोय असते, फक्त सेटिंगमध्ये ती बंद ठेवलेली असते. कारण कळले तर माणूस ती चालू करील. कळले नाही तर यंत्र भंगारात देईल.

कधी कधी उलटेही होते. २००३ साली आलेल्या पेन्टियम एम जातीच्या काही प्रोसेसरांत पीएई नावाची क्षमता होती, पण विचारले असता ते ती सांगत नसत. वर्गात हजर असून हजेरीला हात वर न करणारा मुलगा असतो ना, तसे. पुढे लिनक्सच्या काही प्रणालींनी ही क्षमता सक्तीची केली, आणि चांगले चालणारे लॅपटॉप दारातूनच परत फिरू लागले. २०१४ च्या एप्रिलमधल्या उबुंटू १४.०४ मध्ये यावर उपाय आला. सुरुवातीलाच ‘फोर्सपीएई’ एवढा एक शब्द लिहिला, की प्रणाली यंत्राच्या न बोलण्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाई. यंत्राने दिलेले उत्तर आणि यंत्राची खरी ताकद यांत अंतर असू शकते, हे इन्स्टॉलर लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवले, तर एका शब्दाने किती काम होते बघा.

डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स प्रणाली. तिचा इन्स्टॉलर मला एकंदरीत समंजस वाटतो. रॅम कमी दिसली की तो आपला पसारा आवरतो, आणि ज्याच्यावाचून चालेल ते बाजूला ठेवून पुढे जातो. पण या बाजूला ठेवण्यात भाषांतरेही जातात आणि तो इंग्रजीत बोलू लागतो. त्याला मराठी येते, पण ती चित्रमय पडद्यावरच. साध्या अक्षरी पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळत नाहीत, म्हणून तिथे मराठी नाही. याचा अर्थ काय झाला? ज्याच्यापाशी नवे यंत्र आहे त्याला मराठीत विचारले जाते, आणि ज्याच्यापाशी जुने आहे, ज्याला शेजारी विचारावयास कोणी नाही, त्याला ‘डिस्क पुसू का?’ हा प्रश्न इंग्रजीत येतो. मला याचे वाईट वाटते. निदान तो एक प्रश्न, हवे तर चित्र करून, मराठीत दाखवता यावा.

दुसरी बाजूही आहे. जुने प्रत्येक यंत्र सांभाळावयाचे तर ते कोणीतरी चालवून पाहिले पाहिजे, आणि तशी यंत्रे व माणसे कमी होत जातात. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३ आली, तेव्हा ३२ बिटांच्या जुन्या संगणकांसाठी तिचा इन्स्टॉलर निघालाच नाही. मात्र अशा यंत्रांवर ही आवृत्ती चढवू नका, असे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले. दार बंद करावे तर असे, पाटी लावून.

तेव्हा गुरुजी, उद्या कापड काढलेत तर आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या. मग जी प्रणाली हार्ड डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, ती घ्या. आवाज, छपाई, इंटरनेट सारे चालते का ते दोन दिवस पाहा. अडलेच तर डेबियनवाल्यांकडे अहवाल पाठवता येतो. यंत्राचे मॉडेल, रॅम किती, आणि गाडी कोणत्या पायरीवर थांबली, एवढे लिहावे. काम फसले असले तरी तो अहवाल त्यांना हवा असतो.