सावज

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमचं गाव सिद्धेश्वर. जिल्हा हिंगोली, तालुका औंढा नागनाथ. गावाचं नाव आपण ऐकलं असेल ते धरणामुळे. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी ही जोडी साठच्या दशकात उभी राहिली. धरणाचं आणि माझं वय जवळपास एकच. वडील कालव्यावर चौकीदार होते. मातीची ती भिंत सहा किलोमीटरहून लांब आहे, आणि लहानपणी मला वाटायचं की जग तिच्या दुसऱ्या टोकाला संपतं. पुढे बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, संमेलनांना फिरलो. पण आम्ही नवराबायको दोघंच कुठं लांब गेलो, असं पन्नाशी उलटली तरी घडलं नव्हतं. जायचो ते लग्नाला, मयतीला किंवा नांदेडच्या दवाखान्यात. सोबत चार माणसं असायचीच.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सगळं गाव तिला बाई म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. तर झालं असं की, तिसरीच्या वर्गात प्राण्यांचा पाठ चालू असताना एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही सिंह पाहिलाय का?" बाई म्हणाल्या, "हो." तास संपला, शाळा सुटली, पण ते "हो" काही सुटेना. घरी येऊन मला म्हणाली, "सत्तावीस वर्षं लेकरांना खरं बोला म्हणून सांगते, आणि आज सरळ खोटं बोलले." मी हसण्यावारी नेलं. तिनं नेलं नाही. सिंह जिथं मोकळा हिंडतो ते गीरचं जंगल दाखवा, म्हणाली.

मी वर्षभर टाळलं. गाडी जुनी आहे, रस्ता हजार-अकराशे किलोमीटरचा आहे, डोळ्यांना रात्रीचं दिसत नाही. ही सगळी कारणं खरी होती आणि यातलं एकही खरं कारण नव्हतं. गुजरात म्हटलं की माझ्या पोटात २००२ साल कालवायचं. आमचं तिकडं कुणी नाही, काही गेलेलं नाही, तरी. बाईला ते न सांगताच कळलेलं होतं. एका रात्री म्हणाली, "तुम्ही घाबरता ते घाबरा, पण गाडीत बसून घाबरा."

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत निघालो. जिंतूर, मंठा, जालना, छत्रपती संभाजीनगर. पुढं कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव, धुळे. डिकीत पाण्याचा कॅन, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बाईनं घेतलेल्या हळदीच्या दहा पुड्या. आमच्या भागात हळद फार पिकते. कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, हा तिचा नियम. मी म्हटलं, तिकडं आपण कुणाकडे जाणार आहोत? ती म्हणाली, "भेटेल की कुणीतरी."

कोंडाईबारीचा घाट ओलांडून नवापूरला पोचलो. इथलं रेल्वे स्टेशन पाहण्यासारखं आहे. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. हद्द फलाटावरच्या बाकाच्या मधून जाते. त्या बाकावर मी महाराष्ट्रात बसलो, बाई गुजरातेत बसली आणि तिथं बसूनच तिनं मला भाकरी दिली. गंमत म्हणजे ही रेघही फार जुनी नाही. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा आणि सौराष्ट्र दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० पर्यंत तिथंच राहिले. म्हणजे तेवढी साडेतीन वर्षं सिद्धेश्वर आणि गीरमधलं सासण एकाच राज्यात होतं! आमच्यावर निजामाचं राज्य, तिकडं जुनागढच्या नवाबाचं. जुनागढ नोव्हेंबर १९४७ मध्ये भारतात आलं, आम्ही सप्टेंबर १९४८ मध्ये. सोयरीक जुळवायची म्हटली तर कुंडली चांगली जुळते.

सुरतेच्या पुढं एका शहरात रात्र झाली. लॉजवाल्यानं आधारकार्डं घेतली, पाहिली, परत केली. "खोली आत्ताच गेली." आम्ही बाहेर आलो. खोली होती की नव्हती, यावर आम्हा दोघांत आजतागायत एकमत नाही. बाई म्हणते, दिवाळीचे दिवस, असेल गेलेली. मी म्हणतो, कार्ड पाहायच्या आधी कशी होती? आम्ही घरात दखनी बोलतो, पण भांडण मराठीत करतो. त्या रात्री बराच वेळ मराठी बोललो.

दुसऱ्या लॉजवर म्हातारे मालक स्वतः बसलेले. त्यांनीही कार्ड निरखून पाहिलं. मी मनाची तयारी केली. ते पत्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "औंढा नागनाथ? तुम्ही लोक त्याला ज्योतिर्लिंग म्हणता ना? खरं नागेश्वर आमचं आहे, द्वारकेजवळचं." आणि श्रोतेहो, काय सांगू, माझ्यातला हिंगोलीकर खवळला. मी म्हटलं, काका, ते कसं काय? औंढ्याचं हेमाडपंती देऊळ पाहिलंय का तुम्ही? नामदेव महाराज आमच्या नर्सीचे. त्यांना विसोबा खेचर गुरू भेटले ते औंढ्यात. नामदेवांच्या कीर्तनासाठी ते देऊळ फिरलं, नंदी मागेच राहिला, असं आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. मालक द्वारकेवरून हटेनात, मी औंढ्यावरून. बाई टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होती. शेवटी त्यांनी चहा मागवला, खोलीचे दोनशे रुपये कमी केले आणि म्हणाले, "बरं, दोन्ही खरी." मी तेवढ्यावर मान्य केलं नाही. हळदीची पहिली पुडी तिथं गेली.

पुढं भरूचला नर्मदा ओलांडली. मग बडोदा, राजकोट, जुनागढ करत सासणला पोचलो. परवाना आधीच काढलेला होता. सकाळी अंधारातच उघड्या जिप्सीत बसलो. जंगल म्हटल्यावर मी दाट हिरवं काही धरून चाललो होतो. हे तर आमच्यासारखंच, सागाचं, कोरडं, मुरमाड. हिरण नदीवर कमलेश्वर नावाचं धरण आहे, त्यात मगरी आहेत. बाई म्हणाली, "तुमचं सिद्धेश्वर इथं आधीच येऊन बसलंय."

दीड तास काही दिसलं नाही. मग आमचा वाटाड्या, जो तोवर नीट हिंदी बोलत होता, एकदम कुजबुजला, "सावज! सावज!" मी लगेच डावीकडं पाहिलं. चितळांचा कळप उभा होता. सावज म्हणजे शिकार, दुसरं काय? मी मन लावून चितळं पाहतोय आणि बाई माझा दंड ओढतेय. उजवीकडं, वीस-पंचवीस हातांवर, सागाच्या वाळल्या पानांत सिंह बसला होता. मागं दोन सिंहिणी. गुजरातीत, निदान त्या मुलखात, सावज म्हणजे सिंह! तोच शब्द नवापूरची हद्द ओलांडताना भक्ष्याचा भक्षक होतो. चाळीस वर्षं शब्दांशी खेळलो, पण एका शब्दानं असं तोंडावर कधी पाडलं नव्हतं. सिंहानं आमच्याकडं एकदा पाहिलं, जांभई दिली. बाई एवढंच म्हणाली, "झालं एकदाचं खरं."

आता हा सिंह उरला कसा, हेही सांगायला हवं. आशियाई सिंह एकेकाळी इराणपासून उत्तर भारतापर्यंत होता. शिकारींपायी सगळीकडून गेला, विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात फक्त गीरमध्ये थोडे राहिले. जुनागढच्या नवाबांनी शिकारीवर बंधनं घातली म्हणून तेवढे तरी तगले. १९६५ मध्ये अभयारण्य झालं, १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान. २०२० मध्ये सिंहांचा आकडा ६७४ होता, २०२५ च्या गणनेत ८९१ झाला. सगळे एकाच मुलखात असल्यानं रोगाची भीती असते. २०१८ मध्ये साथीनं बरेच सिंह मेले. काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलं होतं. सिंह काही हलले नाहीत. कुनोत २०२२ मध्ये चित्ते आले.

माणसं मात्र हलली. जंगलात मालधारी, म्हणजे म्हशी पाळणारे लोक, काटेरी कुंपणाच्या वस्त्यांत राहत. त्या वस्तीला नेस म्हणतात. सत्तरच्या दशकापासून त्यातली शेकडो कुटुंबं बाहेर बसवली गेली. मेंदरड्याच्या रस्त्यावर एका म्हातारीच्या टपरीत चहा घेतला, नुसत्या दुधाचा. ती नेसात जन्मलेली. मी विचारलं, म्हशी सिंहानं खाल्ल्या तर? म्हणाली, "खातोच की. पण आम्ही उठलो ते त्याच्यामुळं नाही, कागदामुळं." मला वडील आठवले. ऐन दुष्काळात धरणाचं पाणी खाली गेलं की ते भिंतीवर उभं राहून दाखवायचे, तिथं विहीर होती, तिथं चिंच होती. ज्यांची विहीर होती ती माणसं कुठं गेली, हे मी कधी विचारलं नाही, आणि आता सांगायला ते नाहीत. बाईनं म्हातारीला हळदीच्या दोन पुड्या दिल्या. तिनं चहाचे पैसे घेतले नाहीत.

परतीला मीच म्हटलं, अहमदाबादवरून जाऊ. बाईनं कारण विचारलं नाही. वली दखनी हा आमच्याच मराठवाड्यातला, औरंगाबादचा कवी. आम्ही घरात जी भाषा बोलतो तिच्यात त्यानं गझल लिहिली आणि ती ऐकून फारसीत लिहिणारी दिल्ली या भाषेकडे वळली. गुजरातवर त्याचा असा जीव की सुरतेवर मसनवी लिहिली, गुजरातच्या विरहावरही लिहिलं. त्याला वली गुजरातीही म्हणतात. १७०७ मध्ये अहमदाबादेत वारला, तिथंच शाहीबागेत पुरला गेला. २००२ च्या दंगलीत ती कबर पाडली आणि लगोलग वरून डांबरी रस्ता केला.

शाहीबागेत पोलीस आयुक्तालयाजवळ गाडी हळू केली. दुपारची वेळ, दोन्हीकडून वाहनं. कुठंही काही खूण दिसेना. पुढं वाहतूक पोलीस उभा होता. त्याला विचारायचं तरी काय? मी म्हटलं, "इथंच कुठंतरी." बाईनं काच खाली केली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ओठांतल्या ओठांत फातेहा म्हटला. मागून हॉर्न वाजायला लागले होते. तिचं होईपर्यंत मी गाडी हलवली नाही.