वेदगंगेकाठी आपले स्वागत



महाभारत-रामायणातल्या प्रसंगांचा काळ ग्रहनक्षत्रांवरून शोधणारी परिषद पुण्यात भरली असती तर कुणाला नवल वाटले नसते. ती कागल तालुक्यातल्या आमच्या मुरगूड गावात भरते आहे, याचा आनंद फार मोठा आहे.

सकाळी आपण घेतलेला चहा सर पिराजीराव तलावाच्या पाण्याचा. कागलचे पिराजीराव घाटगे म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे बंधू. त्यांच्या नावाच्या या तलावाने मुरगूडची तहान भागवली. उद्या पहाटे बांधावर जरूर यावे, आकाश मोकळे दिसते.

पण मुरगूड म्हटले की माझ्या ओठांवर पहिले नाव येते ते हुतात्मा तुकाराम भारमल यांचे. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवर स्वातंत्र्यसैनिकांनी हल्ला केला. गोळीबारात सात जण धारातीर्थी पडले. करवीरय्या स्वामी, नारायण वारके, शंकर इंगळे, मल्लू चौगुले, परशुराम साळोखे, बळवंत जबडे आणि आमचे तुकाराम. गारगोटीवरून येणारी वेदगंगाच पुढे आमच्या शिवारात येते. बाहेरच्या जगाला ही नावे फारशी ठाऊक नाहीत, म्हणून मी ती सातही मुद्दाम घेतली. त्यांच्या बलिदानाचा दिवस आम्हाला ठाऊक आहे, म्हणून दरवर्षी त्या दिवशी मान लवते. भीष्मांनी उत्तरायणाची वाट पाहत देह ठेवला, तो दिवस कोणता, हे विचारावेसे वाटणे मला त्याच मायेचे वाटते.

ग्रहनक्षत्रांवरून काळ काढण्याच्या या विद्येत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो, या गणितावर लोकमान्यांनी १८९३ साली ‘ओरायन’मध्ये वेदकाळ मांडला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी शतपथ ब्राह्मणातल्या कृत्तिकांच्या उल्लेखावरून इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराचा काळ काढला. महाभारत युद्धासाठी चिंतामणराव वैद्यांनी इ.स.पू. ३१०१ धरले, तर डॉ. प. वि. वर्तकांनी ५५६१. अंतर अडीच हजार वर्षांचे! श्लोक कुणी, केव्हा घातला, हे आधी पाहावे लागते; भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे मोल तिथेच कळते. वाद मोकळेपणाने व्हावा, मात्र प्रत्येकाने आपले गणित फळ्यावर मांडावे, ही माझी आग्रहाची विनंती.

आता व्यवस्थेविषयी. आमच्याकडे मोठी हॉटेले नाहीत. शाळेच्या खोल्यांत आणि घराघरांत उतरवावे लागले, त्याबद्दल क्षमस्व. डास आहेत, मच्छरदाण्या कमी पडल्या. आज संध्याकाळी आणखी येतील. गरम पाणी पहाटे पाचपासून मिळेल. वीज गेली तर जनरेटर आहे. ज्यांना तिखट चालत नाही, त्यांनी वाढप्यांना निःसंकोच सांगावे.

तांदूळ देणारे शेतकरी, दूध पुरवणाऱ्या संस्था, मांडव उभारणारे कारागीर, भाकरी थापणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, सतरंज्या टाकणारी तालमीतली पोरे, अंथरूण-पांघरूण देणारी घरे आणि नाव न सांगता पाकीट देऊन गेलेले दाते, या सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचे नाव राहिले असल्यास मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे.

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो आणि अध्यक्षमहाराजांनी कामकाज सुरू करावे, अशी विनंती करतो.