मागणी की खर्च?

हैदराबादेत मुसीकाठी अंबरपेटला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. अशा केंद्रांच्या अहवालात ‘बीओडी’चा आकडा असतोच. मराठीत आपण त्याला ‘जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी’ म्हणतो. ही मागणी कोणाची आणि कशासाठी, हे शब्दातून कळत नाही.

चाचणी साधी आहे. 300 मिलिलिटरच्या बाटलीत 6 मिलिलिटर सांडपाणी आणि बाकी प्राणवायूयुक्त स्वच्छ पाणी भरायचे; बुडबुडा राहू द्यायचा नाही. विरळ करावेच लागते, कारण 27 अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. मग बाटली अंधारात ठेवायची. जंतू घाण खातात आणि प्राणवायू वापरतात. 7.8 चे 3.8 झाले, तर घट 4. तिची पन्नासपट केली की लिटरला 200 मिलिग्रॅम.

इंग्लंडच्या रॉयल कमिशनने 1912 साली या चाचणीला पाच दिवसांची मुदत धरली. आपल्या उष्ण हवेला धरून भारतीय मानकाने 27 अंश आणि तीन दिवस ठरवले. माप आपण आपलेसे केले. शब्द मात्र उसनाच राहिला.

कारखान्याच्या विषारी पाण्यात जंतूच मरतात, म्हणून आकडा लहान येतो. ‘मागणी कमी’ असे वाचणारा ते पाणी स्वच्छ समजतो. म्हणून मी ‘जैव प्राणवायू-खर्च’ हा शब्द सुचवतो. खर्च झाला नाही म्हटले, की खर्च करणारे जिवंत होते का, हा प्रश्न आपोआप सुचतो. नदीकाठच्या माणसाला हा प्रश्न त्याच्या भाषेत विचारता आला पाहिजे.