पान सुरकुतलं म्हणून पाणी घालू नका

आजचा भाग आमच्या घरातल्या ऑर्किडबद्दल. आई निवृत्त झाली तेव्हा तिच्या शाळेतल्या बाईंनी तिला हे झाड दिलं. जांभळी फुलं, चकचकीत चिनी मातीची कुंडी. परळच्या आमच्या घरात ते खिडकीशी ठेवलं. आई सकाळी तुळशीला पाणी घालायची आणि तांब्यात उरलेलं ऑर्किडला. रोज.

दोन महिन्यांनी पानं मऊ पडली, सुरकुतली. मी बघितलं आणि सांगून टाकलं, "आई, तहानलंय ते. अजून पाणी घाल." फुलं टवटवीत होती, त्यामुळे काळजी वाटली नाही. मग एक दिवस झाड जरा हलवलं, तर अख्खं हातात आलं. मुळं तपकिरी, लिबलिबीत. कुंडीला खाली भोकच नव्हतं. आई म्हणाली, "माझ्याच हाताला गुण नाही." चूक तर माझी होती.

आपल्याकडे भेट म्हणून सर्रास मिळतं ते रुंद पानांचं ऑर्किड म्हणजे फॅलेनॉप्सिस. ते मूळचं मातीतलं नाही, झाडाच्या फांद्यांना धरून वाढणारं. सह्याद्रीतली सीतेची वेणी तशीच. पावसात मुळं चिंब भिजतात, पण वाऱ्यावर सुकतातही. मुळांवर स्पंजसारखं आवरण असतं. ते कायम ओलं राहिलं की मुळाला हवा मिळत नाही आणि ते कुजतं. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे कुंडीत पाणी तुंबलेलं आणि झाड तहानलेलं! पाणी कमी पडलं तरी पान सुरकुततं, जास्त झालं तरी सुरकुततं.

आमच्या कामात एकाच एररची दोन कारणं असली की आधी लॉग बघतात. ऑर्किडचा लॉग म्हणजे मुळं. रुपेरी-पांढरी आणि टणक असतील तर झाड कोरडं आहे, पाणी द्या. हिरवी असतील तर थांबा. तपकिरी आणि दाबल्यावर मऊ लागली तर कुजलीत. म्हणून पारदर्शक, भोकांची प्लास्टिकची कुंडी बरी. न उपटता सगळं दिसतं.

आता बाकीच्या खुणा. सगळ्यात खालचं एखादं पान पिवळं पडलं तर ते वयानं, घाबरू नका. एकदम तीन-चार पिवळी पडली तर मुळं तपासा. पानं गडद हिरवी आणि फुलांचा पत्ताच नाही? उजेड कमी आहे. पानावर पांढरट, करपलेले डाग? थेट ऊन लागतंय. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचू देऊ नका, कापसानं टिपा. तिथे कुजलं तर झाड वाचणं अवघड.

आणि कळ्या न उमलताच गळतात? एसीचा झोत, सारखी जागा बदलणं, किंवा शेजारी पिकणारी फळं. केळी-आंबे पिकताना इथिलीन वायू सोडतात, त्यानं कळ्या गळतात. गणपतीत केळ्यांचे घड ठेवाल तेव्हा ऑर्किड लांब ठेवा.

आमच्या झाडाची कुजलेली मुळं स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं कापली. तीन बरी उरली. फुलांचा दांडाही कापला, म्हणजे झाडाची ताकद मुळांकडे जाईल. आईला ते बघवलं नाही. मग कोळसा आणि विटांच्या तुकड्यांत लावलं. पाणी आता मुळं रुपेरी दिसल्यावरच. पावसाळ्यात कधी आठ दिवसांनी.

जुनी पानं अजून सुरकुतलेलीच आहेत, ती पूर्ववत होत नाहीत. पण परवा आईनं हाक मारली, "इकडे ये, हे बघ." बुंध्याशी हिरव्या टोकाचं नवं मूळ आलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं.

तुमच्या घरी ऑर्किड असेल तर आज फुलं नंतर बघा, आधी मुळं बघा. भेटू पुढच्या भागात!