धाराशिवचा हत्ती आणि मुलांचे चित्रपुस्तक



जैन वाङ्मयाच्या चार अनुयोगांत पहिला मान प्रथमानुयोगाला, म्हणजे कथेला आहे. तत्त्वाची अवघड वाट चढण्यापूर्वी श्रोत्याचे मन गोष्टीने ओलावावे, ही आचार्यांची दृष्टी. आज पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाती चित्रांचे पहिले पुस्तक येते ते बहुधा सिंड्रेलाचे. ती गोष्ट उत्तमच आहे. खेद इतकाच की, तिची बहीण शोभावी अशी तिलकमती आपल्याच घरात असताना मुलांना तिचे नावही ठाऊक नसते.

भाद्रपद शुद्ध दशमीच्या सुगंधदशमी व्रताची ही कथा. सावत्र आई ऐन विवाहाच्या रात्री तिलकमतीला स्मशानात, भोवती दिवे लावून बसविते आणि बोहल्यावर आपल्या तेजमतीला उभी करते. वाड्यावरून ते दिवे पाहून राजा कनकप्रभ तेथे येतो, तिचे पाणिग्रहण करतो. मात्र आपण गुराखी असल्याचे सांगतो. पुढे डोळे बांधलेली तिलकमती भोजनास आलेल्यांचे पाय धुता धुता केवळ स्पर्शाने पती ओळखते. तिकडे राजपुत्र पायातल्या जोड्यावरून वधू शोधतो, इकडे वधू पायांवरून वर ओळखते! जिनसागरांनी अठराव्या शतकात ही कथा मराठीत रचली आणि तिची सचित्र पोथी नागपुरात जतन झाली. डॉ. हीरालाल जैन यांनी १९६६ साली भारतीय ज्ञानपीठातर्फे ती चित्रांसह प्रकाशात आणली व सिंड्रेलाशी असलेले साम्यही दाखविले. तेव्हा सचित्र कथा ही मराठी जैनांना परकी वस्तू नव्हे.

याच पंडितांनी १९३४ साली मुनी कनकामर यांचे अपभ्रंश भाषेतील ‘करकंडचरिउ’ कारंजा ग्रंथमालेत संपादित केले. परंडेकरांनी ते विशेष आपले मानावे, कारण त्यातील तेरापूर म्हणजे आजचे तेर, आणि त्यातील गुंफा धाराशिवच्या लेण्यांत पाहिल्या जातात. लेणी मुळात कोणाची याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. गोष्ट ऐकणारे मूल त्या वादात पडत नाही. त्याचे लक्ष हत्तीकडे असते.

आणि या कथेत हत्ती तीनदा येतो. चंपानगरीची गर्भवती राणी पद्मावती हिला पाठीवर घेऊन तो रानात उधळतो. पुढे स्मशानात जन्मलेला आणि मातंगाच्या घरी वाढलेला तिचा पुत्र करकंडू याला, राजा निपुत्रिक वारल्यावर, दंतीपूरचा हत्तीच राजा म्हणून निवडतो. तिसरा हत्ती आपल्या डोंगरावरचा. सोंडेत पाणी आणि कमळ आणून तो नित्य एका वारुळाची पूजा करतो. करकंडू वारूळ खणवितो, तो आत पार्श्वनाथांची मूर्ती! यापुढे लेखकाला वेगळे काय सुचावे? चित्रकाराने प्रत्येक वेळी हत्तीची मुद्रा तेवढी बदलावी. एकदा उन्मत्त, एकदा गंभीर, एकदा लीन. शब्द कमी पडले तरी चालतील.

खरी कसोटी पुढेच आहे. गुंफेतील एक गाठ राजाला खुपते. फोडल्यास आतला झरा उसळेल, असे कारागीर बजावतो. राजा ऐकत नाही. गाठ फुटते आणि पाण्याने गुंफा भरते. राजा पश्चात्तापाने व्याकूळ होतो आणि मग नव्या गुंफा कोरवितो. मुलांसाठी पुस्तक करताना हा प्रसंग गाळण्याचा मोह अनेकांना होईल. पुण्यवान राजाची चूक दाखवावी कशाला, असे विचारले जाईल. परंतु कापड बेतताना नेमका छातीचाच भाग कापून टाकला तर अंगरखा कसला शिवणार? चुकलेला आणि चूक निस्तरणारा राजाच मुलाला आपला वाटतो. त्या दोन पानांवर तर मजकूर असूच नये. कडेपर्यंत नुसते निळे पाणी आणि कोपऱ्यात लहानसा राजा.

१९६७ साली मुंबईत अनंत पै यांनी अमर चित्रकथा सुरू केली आणि राम वाईरकरांसारख्या चित्रकारांनी पुराणपुरुष घरोघरी पोहोचविले. ते मोठे कार्य. पण ती चौकटींची, संवादांच्या फुग्यांची रीत वाचता येणाऱ्या मुलाची आहे. मांडीवर बसून ऐकणाऱ्या मुलाला एका वेळी एक मोठे चित्र आणि दोन-तीन ओळी पुरतात. बाकीचे आजी सांगते. म्हणूनच अशा पुस्तकात व्रताचे विधी, भवांची नावे आणि उपदेशाचे परिच्छेद कोंबू नयेत. बत्तीस पानांत तिन्ही हत्ती सुखाने मावतात. अखेरच्या पानावर मात्र वाटेचे चित्र हवे: परंड्याचा किल्ला, बार्शी, धाराशिव, आणि तेथून लेण्यांच्या डोंगरापर्यंत. पुस्तक मिटले की मूल विचारणार, तो डोंगर कुठे आहे? आणि तेथे त्याला एका दिवसात नेऊन आणता येते.