वायूचा पहारा आणि विद्वत्तेचें माप



एकाद्या प्राध्यापकाच्या गौरवाची बातमी वाचतांना अलीकडे एक वाक्य हटकून आढळतें : यांच्या निबंधांचा इतक्या हजार वेळां आधार घेतला गेला आहे. हा आंकडा काय सांगतो आणि काय सांगत नाहीं, याचा विचार आज एका उदाहरणावरून करूं. उदाहरण आपल्या स्वयंपाकघराजवळचेंच आहे. तें म्हणजे गॅसची गळती ओळखणाऱ्या सेन्सरचें.

सिलिंडरांतील गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मरकॅप्टन नांवाचें उग्र वासाचें द्रव्य मिसळतात. परंतु झोपलेल्या माणसाचें नाक पहारा करीत नाहीं, आणि जागतें नाकहि एकाच वासाला लौकर सरावतें. शिवाय हा गॅस हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत साचून राहतो आणि एका ठिणगीनें भडकतो. अशा ठिकाणीं नाकाच्या जोडीला यंत्राचा पहारा हवा.

हें यंत्र जपानांत सिद्ध झालें. तेथें घरोघरीं असा गॅस जळूं लागला होता आणि स्फोटहि होऊं लागले होते. १९६२ सालीं क्यूशू विद्यापीठांतील तेत्सुरो सेइयामा व त्यांचे सहकारी यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. जस्ताच्या ऑक्साइडचा पातळ थर तापवून ठेवला, तर भोंवतालच्या वायूप्रमाणें त्याची विद्युद्वाहकता बदलते, असें त्यांनीं दाखविलें. त्याच वर्षीं नाओयोशी तागुची यांनीं कथिलाच्या ऑक्साइडच्या साधनासाठीं पेटंटचा अर्ज केला. पुढें १९६९ सालीं त्यांनीं अशीं साधनें तयार करणारी फिगारो ही कंपनी स्थापिली.

साधनाचें मर्म असें : तापलेल्या कथिल-ऑक्साइडच्या कणांवर हवेंतील प्राणवायु चिकटतो आणि कणांतील इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो, विजेची वाट बिकट होते. जळाऊ वायु आला कीं त्याचा या प्राणवायूशीं संयोग होतो, अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात, प्रवाह वाढतो आणि घंटा वाजते. १९९१ सालीं नोबोरु यामाझोए व त्यांचे सहकारी यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. कणाचा व्यास सुमारें सहा नॅनोमीटरांच्या खालीं आणला, तर साधनाची संवेदनक्षमता एकदम वाढते. कारण पृष्ठभागावरचा परिणाम तेव्हां कणाच्या गाभ्यापर्यंत पोंचतो. या शोधाचा आधार पुढें हजारांहून अधिक निबंधांनीं घेतला.

आतां या मोजदादीकडे वळूं. कोणत्या निबंधाचा आधार पुढें कोणीं घेतला, याची सूची करावी, ही कल्पना यूजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थांनीं १९५५ सालीं मांडली आणि १९६४ सालीं विज्ञानाची अशी सूची बाजारांत आणली. जुन्या निवाड्यांचा आधार पुढें कोठें घेतला गेला, हें सांगणारे वकिलांचे ग्रंथ त्यांच्यापुढें होते. शोधकाला उपयुक्त निबंध सांपडावा, हा मूळ हेतु. पण शोधण्याचें साधन हळूहळू तोलण्याचा कांटा झालें. २००५ सालीं होर्हे हिर्श यांनीं एक अंकच सुचविला : ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकीं निदान वीस वेळां आधार घेतला गेला, त्याचा अंक वीस.

आधार नमूद करणें ही विद्वानांची प्रामाणिक ऋणफेड आहे, आणि जेथें ऋण पुष्कळांचें, तेथें कार्यहि बहुधा मोलाचें असतें. तरी या कांट्याच्या मर्यादा ध्यानांत ठेवाव्या. एकाद्या मताचें खंडन करण्यासाठीं केलेला उल्लेखहि गणनेंत येतो. ज्या विषयांत लिहिणारे थोडे, तेथें आंकडाहि थोडाच राहतो. जें ज्ञान सर्वांच्या अंगवळणीं पडलें, त्याच्या मूळ कर्त्याचें नांव घेण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. तागुचींचें मुख्य कार्य तर पेटंटांत आणि कारखान्यांत झालें. निबंधांच्या सूचींत तें पुरतें कसें मावणार? आणि ज्या घरांतील माणसें घंटा ऐकून वेळेवर बाहेर पडलीं, त्यांनीं कोणत्याहि नियतकालिकांत निबंध लिहिलेला नसतो.

माझा जन्म उत्तरपत्रिका तपासण्यांत गेला. गुण हेंच ध्येय झालें कीं मुलें विषय सोडून प्रश्नांचे अंदाज बांधूं लागतात. संशोधकाची नोकरी व बढती आंकड्यावर टांगली, तर तोहि एका शोधाचे चार निबंध करील आणि मित्रांशीं परस्परांच्या उल्लेखांची देवघेव करील. हा धोका ओळखूनच २०१२ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें एका जाहीरनाम्याचा आरंभ झाला. नियतकालिकाच्या प्रभावांकावरून व्यक्तीची योग्यता ठरवूं नये, असें त्यांत बजावलें आहे.

तेव्हां अशी बातमी वाचाल, त्या वेळीं आंकड्याचा आदर अवश्य करा. परंतु घरांतील मुलांना दोन प्रश्न विचारावयास शिकवा. या गृहस्थांनीं नवें काय शोधलें? आणि तें कोणाच्या, कोणत्या उपयोगीं पडलें? या प्रश्नांचीं उत्तरें मिळवावयाचीं तर निबंधच उघडून वाचावा लागतो, आणि तेवढे कष्ट घेतल्यावांचून कोणाच्याहि विद्वत्तेचा निवाडा करूं नये.